गळाभेट राहून गेली, त्याचं कारण

॥ म्हाळसाकांत प्रसन्न ॥

मुक्काम शहागडाजवळची वस्ती,
फाल्गुन, शके १९२१

रायभानराव व्याही यांना, मुलीच्या बापाने जेवढं वाकावं तेवढं वाकून, आणि वयाने धाकटा म्हणून त्याहून थोडं अधिक वाकून, धुळाजीचा नमस्कार.

परतूरला आपली, विहीणबाईंची, होणारे जावई शिवाजीराव यांची आणि त्या तांबड्या कालवडीची तब्येत चांगली असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य मी आजवर कितीतरी पत्रांत हाताला सवय म्हणून लिहिलं. या वेळी मात्र दवाखान्याचा कागद समोर ठेवून, त्यावरचा शिक्का दोनदा बघून लिहितो आहे. आपली खुशाली सरकारी दवाखान्यात तपासून घेऊन मग कळवणारा आपल्या पाहुण्यांत मीच पहिला असेन. असं का करावं लागलं ते सांगण्यासाठीच हा पत्राचा खटाटोप. माघात साखरपुड्याला मी आपल्याशी जे वागलो त्याचा आपल्याला राग आला, आणि तो बराबर आला. वैशाखातली तारीख सध्या काढू नका, असा आपला निरोप कडूबाने आणला. (हे लग्न त्यानेच जुळवलं. मोडलं तर कोणत्या गावात तोंड दाखवावं या काळजीने तो आमच्याकडे येऊन रोज दोनदा चहा पितो.) आमची लेक चंद्रकला वरून रोजची कामं करते. पण भाकरी थापताना तिचा हात असा पडतो की शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून बसतात. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो. लांबेल, पण मधलं गाळलं तर शेवटचं खरं वाटणार नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी मी देवाला झेंडूची दोन फुलं वाहिली, दिव्याची वात सारखी केली आणि शेताकडे निघालो. आमच्या घराण्यात काटा काढणं चालत आलेलं आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. आज्याच्या काळी मेंढरं होती, आणि मेंढरामागे फिरणाऱ्याला काटा हा सोबतीच. पुढे मेंढरं गेली, थोडी जमीन आली, पण करदोड्याला बांधलेला चिमटा आणि सुई तशीच राहिली. मी सातवीपर्यंत शिकलो, पण आजूबाजूची माणसं माझ्याकडे शाळेसाठी येत नाहीत, पाय घेऊन येतात. काटा ओढून निघत नसतो. त्याच्या भोवतीची कातडी समजूत घालून बाजूला करावी लागते, मग तो आपणच वर येतो. याचं मी काही घेत नाही. काटा निघाल्या क्षणी माणसाच्या तोंडावर जी शांतता येते, ती देवळात जाऊन आलेल्याच्या तोंडावरही मी फार वेळा पाहिलेली नाही. ती बघायला मिळते, हेच माझं घेणं.

तर त्या सकाळी रस्त्याच्या कडेला अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक उभा होता आणि त्याचा डायवर, नाव कचरू, पाय हातात धरून माझ्या बांधावर बसला होता. सकाळच्या कामासाठी येड्या बाभळीत शिरला होता आणि तिने त्याला तसा सोडला नव्हता. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. तो म्हणाला, “मामा, जरा हळू.” मी म्हणालो, “हळूच चाललंय बाबा, वरडून तूच जोरात राह्यला.” काटा निघाला, मागून रक्ताचा एक थेंब आला. मी सुई धोतराला पुसली, बिब्बा तापवून चटका दिला. तो दोनदा खोकला, मला एक उसाचं कांडं दिलं आणि गेला. मी ते कांडं सोलत, ऊस यंदा गोड आहे असा विचार करत, खाली न बघता चाललो, आणि त्याच बाभळीचा काटा माझ्या टाचेत गेला. खाली बसलो आणि तीच सुई घेऊन आपला आपण काढला. इथवर काहीच झालं नव्हतं. झालं ते पुढच्या बाजाराला.

शहागडच्या एसटी थांब्यावर बसची वाट बघत होतो. बस येत नाही तोवर माणूस समोर जे लिहिलेलं असेल ते वाचतो. (वाचता येतं याचा तोटा मला पन्नाशीला आल्यावर कळला.) भिंतीवर सरकारने एड्सची माहिती रंगवली होती. वर एक ट्रक काढलेला, पिवळ्या तोंडाचा. खाली लिहिलं होतं की हा रोग रक्तातून पसरतो, एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला वापरू नका. मी उभा होतो तो बसलो. कचरूचा ट्रक कोणत्या तोंडाचा होता ते आठवेना, आणि आठवेना तसा तो पिवळाच होता अशी खात्री होत गेली. पुढे लक्षणं होती : वजन घटणं, ताप, जुलाब, अंगावर पुरळ, जिभेवर पांढरे डाग. त्या शेजारी आणखी एक रकाना होता. हा रोग कशाने पसरत नाही, ते तिथे लिहिलं होतं, हे मला फार पुढे कळलं. कारण त्यावर कोणी कापसाच्या बियाण्याची जाहिरात डकवली होती. म्हणजे अर्धी भिंत मी भीतीची वाचली आणि अर्धी टपोऱ्या बोंडांची.

आता आपण म्हणाल, घरी सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. रायभानराव, हा रोग असा आहे की नाव निघालं की लोक सुईचं विचारत नाहीत, थेट माणसाच्या वागण्याचं विचारतात. माझी मुलगी लग्नाची, आपल्याशी बोलणं चाललेलं. मी सरळ गेलो देवाकडे. देवाला काही सांगितलं तर गावात होत नाही. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, दोन्ही एकादश्या होत्याच. रोज पहाटे कडुलिंब आणि गुळवेल कुटून पेलाभर पिऊ लागलो. माघ लागल्यावर दिवस उगवायच्या आत गोदावरीत गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून नाव घेऊ लागलो. देवळातला अंगारा कपाळाला लावून उरलेला जिभेवर ठेवू लागलो. आणि टाचेत काही राहिलंच असेल तर जळून जावं म्हणून दर दोन दिवसांनी बिब्ब्याचा चटका.

याचा गुण असा आला की थांब्यावरच्या मशीनवर उभा राहिलो तर वजन घटलेलं. (त्या मशीनमधून जे कार्ड निघतं त्यावर भविष्य असतं. माझ्या कार्डावर ‘लवकरच दूरच्या प्रवासाचा योग’ असं होतं. एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.) पाठोपाठ पोट बिघडलं. माघाच्या मध्यावर अंगात ताप भरला. मांड्यांवर, पोटावर लाल पुरळ उठली. आणि एका सकाळी देवळातून आल्यावर आरशात जीभ काढून पाहिली, तर जिभेवर पांढरा डाग. भिंतीवरची सगळी लक्षणं एकामागून एक हजर झाली. मी उपास वाढवले.

सुई मी गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवली आणि हरवली म्हणून सांगितलं. लोक पाय घेऊन आले आणि लंगडत परत गेले. दुसऱ्या दिवशी सुया घेऊन आले. एकाने दाभण आणलं. मी म्हणालो, डोळ्याला कमी दिसू लागलंय. तर माझ्या आतेभावाने स्वतःचा चष्मा आणला.

अशा दशेत साखरपुडा आला. आपण जीपमधून उतरलात आणि गळाभेटीला दोन्ही हात पसरून पुढे झालात. व्याही व्याह्याला उराशी धरतो तेव्हा सोयरीक खरी होते, हे मला काय माहीत नाही? पण मला वाटलं, माझ्या अंगावरचं आपल्याला लागलं तर? आपल्या घरात माझी लेक जायची आहे. म्हणून मी बैलगाडीच्या जुवाएवढं अंतर ठेवून हात जोडले. आपले हात तसेच पसरलेले राहिले आणि मग आपण ते डोक्यावरचा फेटा सारखा करायला नेलेत. आपण माझ्या तोंडापुढे पेढा धरलात, मी तो हातात घेऊन खिशात घातला. जेवायला मी बसलोच नाही, गुरुवार होता. आणि मग ती गोष्ट झाली जी माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. आमच्या कुंपणाच्या कुपाटीचा काटा आपल्या पायात भरला, आपण ओट्यावर सगळ्या पाहुण्यांदेखत डावा पाय माझ्यापुढे केलात आणि हसत म्हणालात, “इवाई, तुमच्याच बांधाचा हाय, तुमीच काढा.”

मी “जरा परसाकडे जाऊन आलो” म्हणून पळालो, ते पाहुणे जाईपर्यंत आलो नाही.

मुलीकडच्यांना आपला विटाळ होतो की काय, असं आपले भाऊबंद जीपमध्ये बोलले हे कडूबाने सांगितलं. आपण काहीच बोलला नाहीत हेही सांगितलं. ते जास्त लागलं. माणूस दुसऱ्याच्या मांडीवर पाय ठेवतो तेव्हा तो आपल्याजवळची भारी वस्तू त्याच्या हवाली करत असतो, हे माझ्याइतकं कोणाला कळावं? आणि मीच तो पाय तसाच ठेवून उठलो.

आपला तारखेचा निरोप सांगून कडूबा चहा पिऊन गेला तसं आमचं कुटुंब, आसराबाई, तुरीची डाळ सुपात घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. डाळ पाखडायची होती, पण पाखडलं मला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती सूप खाली ठेवून म्हणाली, “म्हंजे उपास तुमी करून राह्यले, कडू तुमी पिऊन राह्यले, माघात नदीत जाऊन तुमी उभे राह्यले, अन् नाव त्या डायवरचं?” मी जिभेवरच्या डागाचं विचारलं. तिने पदराच्या टोकाने माझी जीभ पुसली. डाग पदराला आला. अंगारा होता. पुरळ बघून म्हणाली, बिब्बा उतलाय. लहान पोराला कळतं. (खरंच कळतं. मी स्वतः किती जणांना सांगितलं आहे की बिब्बा जपून लावा, अंगावर उततो, पुरळ उठते.) मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, “चार महिने एकट्यानं मरून राह्यले. मला बोलवायचं तरी.”

हे ऐकून मी बरा व्हायला पाहिजे होतो, पण माझ्या मनाचा स्वभाव असा की पुसलेल्या जागी पुन्हा लिहितं. अंगारा असेल, पण अंगाऱ्याच्या खाली डाग असला तर? तेव्हा तिनेच ठरवलं आणि आम्ही दोघं जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तपासणीच्या खोलीत एक बाई होत्या. त्यांनी आसराबाईला बाहेर बसवलं आणि मला असे काही प्रश्न विचारले जे आमच्या लग्नातही कोणी विचारले नव्हते. मी सगळ्यांना न्हाई म्हणालो. मग कशाने शंका आली, म्हणाल्या. मी म्हणालो, सुईने. नशेची? मी म्हणालो, काट्याची. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सगळी हकिकत बिब्ब्यासकट ऐकून घेतली. मग नीट समजावून सांगितलं : तो माणूस आजारी होता असं कोणी म्हटलेलं नाही, सुई पुसली होती, रक्त होतं तेही थेंबभर आणि वरचं, यातून होण्यासारखं काही नाही. तरी मनाचं समाधान होत असेल तर रक्त तपासू, आणि चार महिने होऊन गेले असल्याने जे येईल ते पक्कं धरा. पुढे कोणाचा काटा काढाल तर सुई उकळून घेत जा, आणि प्रत्येकाला वेगळी ठेवलीत तर उत्तमच. (रक्त घेताना मी सुई नवी आहे का ते विचारलं. बाईंनी माझ्यादेखत पाकीट फाडलं. मी आसराबाईलाही आत बोलावून दाखवलं.)

निकाल घ्यायला गेलो त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक पोरगेलासा माणूस बसला होता. त्याला तो रोग खराच होता आणि त्याने ते मला असं सांगितलं जसं आपण गावाचं नाव सांगतो. घरात त्याचं ताट वेगळं ठेवतात, एवढं सांगताना मात्र खाली बघत होता. त्याने पेरू काढून दोन फोडी केल्या आणि एक माझ्यापुढे धरली. समोरच्या भिंतीवर तेच सरकारी लिखाण होतं, पण अख्खं. त्यावर कापूस नव्हता. एकत्र जेवल्याने पसरत नाही. हात धरल्याने पसरत नाही. गळाभेटीने पसरत नाही. मला आपला पेढा आठवला. मी पेरू खाल्ला. गोड होता, बिया फार होत्या. मग आत हाक आली आणि कागद मिळाला. त्यात मला काही नाही असं लिहिलं आहे. बाहेर येऊन मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला सुचलं ते तेवढंच. माझी भीती खोटी निघाली म्हणून मी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, आणि डोळ्यापुढे देवाच्या ऐवजी त्याचं ताट आलं. तेव्हापासून मी दिवा लावताना त्याच्या नावाने हात जोडतो. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून ‘पेरूवाला’ असं म्हणतो. देवाला कळत असावं.

आता उपास एकादशीपुरते राहिले आहेत, पोट ठिकाणावर आहे, पुरळ गेली, वजन आसराबाईच्या मते गरजेपेक्षा जास्त परत आलं आहे. मागच्या आठवड्यात कचरूचा ट्रक बांधाजवळ थांबला. त्याने पाय दाखवला, खूणसुद्धा राहिली नव्हती. गडी चांगला धष्टपुष्ट. ट्रकचं तोंड निळं. मी चार महिने ज्याला मनात मारत होतो त्याने मला पुन्हा उसाचं कांडं दिलं. मी बसून खाल्लं.

झालं ते असं. आपल्याबद्दल माझ्या मनात विटाळ नव्हता, भीती होती, आणि तीही माझी मलाच. आमच्या चंद्रकलेचा यात काही दोष नाही. तिला तर अजून पूर्ण माहीतही नाही, तिला वाटतं बापाला साखरपुड्याच्या दिवशी नुसती हागवण होती. आपण मोठ्या मनाचे आहात. तारखेचा विचार करावा. विहीणबाईंना आसराबाईचा नमस्कार, शिवाजीरावांना आशीर्वाद.

आपला,
धुळाजी

ता. क. माझी शंका आता पुरती गेली आहे असं मी वर सुचवलं आहे, ते खरंच आहे. खात्रीसाठी आणखी एक कळवतो. आपला तो पेढा मी त्या कोटाच्या खिशातच ठेवला होता. काल काढून, देवाला दाखवून खाल्ला. महिन्याचा झाला होता. रात्रीपासून पोट दुखतं आहे. पण हे पेढ्याचं आहे हे माझं मी ओळखलं, कोणत्याही भिंतीकडे बघितलं नाही.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. कडूबा म्हणतो, आपण अजून लंगडता. काटा आत मोडला आहे आणि आपण कोणाला हात लावू देत नाही. घरच्यांना म्हणता, “इवायानं काढला तर काढला, न्हाई तर राहू दे.” रायभानराव, हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग इतका आनंद झाला की काय सांगू. ज्याला सोयरीक तोडायची असते तो माझ्या कुपाटीचा काटा महिनाभर सांभाळत बसत नाही. माझी विनंती तारखेची नव्हतीच, ती आसराबाईने लिहायला लावली. माझी विनंती पायाची आहे. कोणालाही तिथे सुई लावू देऊ नका, आणि बिब्बा तर मुळीच लावू नका.

तिसरा ता. क. हे परतूरच्या स्टेशनातल्या बाकावर बसून लिहितो आहे. पत्र कडूबाबरोबर पाठवणार होतो, पण तो वाटेत वाचेल, आणि वाचलं की त्याला चहा देणारी घरं काही थोडी नाहीत. म्हणून सकाळी जालन्याला आलो आणि गाडीत बसलो. तोंडाने मला हे एवढं सांगता आलं नसतं, तेव्हा पत्र आपल्या हातात देऊन मी गप्प बसणार आहे. आपण हे वाचत असाल तेव्हा समोर ओट्यावर जो माणूस चहा थंड करत जमिनीकडे बघत बसला आहे, तो मी. सुया आता माणसागणिक वेगळ्या आहेत, ओळखायला प्रत्येकीच्या नेढ्यात वेगळ्या रंगाचा दोरा ओवला आहे. आपली पिवळ्या दोऱ्याची. ती निघताना उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणली आहे. आधी गळाभेट की आधी काटा, ते आपण ठरवा. मी मांडी घालून बसलो आहे. पाय पुढे करा.